ढोलीतला संसार

या अंकाचा विषय सह्याद्रीतले पक्षी. त्यातही आमचा जीव गुंतला तो मलबारी राखी धनेशात. पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेही न आढळणारा हा पक्षी. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर फटीतून तिला फळं भरवत राहतो. उंबर-वडाच्या बिया रानभर पसरवतात त्या याच जोड्या. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा ठरल्या. ढोलीचं म्हातारं झाड मात्र अजूनही सरपणाच्या भावाने जातं. म्हणून दुर्मीळ पक्ष्यांच्या याद्यांऐवजी आम्ही झाडांपासून, देवरायांपासून सुरुवात केली आहे. तुमच्या गावच्या देवराईत कोणती ढोली आजही नांदती आहे, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.