भोंग्याची उंची

घाटकोपर पश्चिमेला आमच्या गल्लीच्या टोकाशी एक मशीद आहे. तिच्यावर कर्णा चढला तेव्हा आजूबाजूला सगळ्या बैठ्या चाळी होत्या. पत्र्याची छपरं, कुठे कौलं, फार तर एखादा पोटमाळा. कर्णा चौथ्या मजल्याच्या उंचीवर, तोंड टेकडीकडे. बांग सगळ्यांच्या डोक्यावरून वरच्या वस्तीपर्यंत जायची. खालच्या माणसाला ती ऐकू यायची, पण अंगावर यायची नाही. मग पुनर्विकास आला. चाळी गेल्या, टॉवर आले, आणि चौथ्या मजल्यावरच्या बेडरूमची खिडकी नेमकी कर्ण्याच्या तोंडासमोर आली. कर्णा होता तिथेच होता. माणसं वर चढली होती.

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत भोंग्यावरून जी भांडणं होतात, त्यातल्या बऱ्याचशांचं मूळ या उंचीत आहे असं मला वाटतं. कर्णा ही मुळात मैदानासाठी आणि रेल्वेच्या फलाटासाठी केलेली वस्तू. आवाज एका दिशेला, लांबवर फेकायचा एवढंच तिचं काम. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे १५ मीटरवरच्या खिडकीत जो आवाज ९० डेसिबल आहे, तो १२० मीटरवर ७२ च्या आसपास येतो. टेकडीवरच्या म्हाताऱ्या नमाज्याला बांग नीट ऐकू यावी म्हणून मधल्या टॉवरमधल्या बाळंतिणीने दचकून उठायचं, असा तो हिशेब आहे. यात कुणाची खोडी नाही. बसवणाऱ्याने खिडकी पाहिली नव्हती, कारण तेव्हा तिथे खिडकीच नव्हती.

सोसायटीच्या सभेत मात्र हे कुणी बोलत नाही. तिथे दोनच वाक्यं चालतात. पलीकडून निरोप येतो, ‘मशीद तुमच्या आधीची आहे.’ अलीकडून उत्तर जातं, ‘आम्ही फुकट राहत नाही, हप्ते भरतोय.’ दोन्ही खरं, आणि कायद्याच्या दृष्टीने दोन्ही गैरलागू. आधी आलं म्हणून कुणाला मोठ्याने वाजवायचा हक्क मिळत नाही, आणि जास्त पैसे मोजले म्हणून जास्त शांतताही मिळत नाही.

कायदा काय म्हणतो? ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी हवी. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाजवायचा नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या ठरवलेल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातला जो आकडा कमी, त्यापलीकडे जाता कामा नये. वर्षातून १५ दिवसांपर्यंत राज्य सरकार १० ची वेळ १२ पर्यंत नेऊ शकतं, आणि उपनगरातली मंडळं या दिवसांची यादी पंचांगापेक्षा बारकाईने वाचतात. ही सवलत फक्त वेळेची असते, आवाजाची नसते, हा भाग मात्र वाचायचा राहून जातो.

आता गंमत बघा. सूट आहे ती रात्रीच्या टोकाला. पहाटेच्या टोकाला नाही. फजरची नमाज उजाडण्याआधीची. मुंबईत जूनमध्ये तिची वेळ पावणेपाचच्या सुमाराला सुरू होते, जानेवारीत सहाच्या आसपास. म्हणजे वर्षातला बहुतेक काळ पहाटेची अजान भोंग्यावरून देणं नियमात बसतच नाही. आणि काकड आरतीही त्याच वेळेत अडकते. २०२२ च्या मे महिन्यात शिर्डीला हे दिसलं. भोंग्यांवरून राज्यभर रान उठल्यावर साईमंदिराची काकड आरती आणि शेजारती लाऊडस्पीकरवरून बंद झाली. ती पुन्हा सुरू करा, असं सांगायला पुढे आले ते शिर्डीतले मुसलमान. त्याच वर्षी जालना जिल्ह्यातल्या ढासला-पीरवाडीच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की गावातली अजान बंद होऊ नये, कारण गावाचा दिवस तिच्यावर चालतो. मी ही उदाहरणं भाबडेपणाने सांगत नाही. शिर्डीला आवाज हीच गावची रोजीरोटी आहे, आणि खेड्यात मशिदीसमोर विसाव्या मजल्याची खिडकी नसते. घाटकोपरला ही उदाहरणं जशीच्या तशी लागू होत नाहीत. पण भोंगा म्हणजे दोन धर्मांतलं जन्मजात वैर, असं जे सांगितलं जातं ते खोडायला ती पुरेशी आहेत.

न्यायालयांना या विषयात गोंधळ नाही. २००० साली चेन्नईच्या एका चर्चच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की दुसऱ्याची शांतता मोडून, यंत्राने आवाज मोठा करून प्रार्थना करा, असं कुठलाच धर्म सांगत नाही. २००५ मध्ये त्याच न्यायालयाचा ध्वनिप्रदूषणावरचा मोठा निकाल आला. मुंबईत तर डॉ. यशवंत ओक १९८५ पासून या आवाजाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढत होते. पुढे सुमैरा अब्दुलअली यांच्या आवाज फाउंडेशनने मीटर हातात घेऊन गणपती, ईद, दिवाळीचे फटाके, राजकीय सभा असं सगळंच मोजायला घेतलं आणि सगळ्यांच्याच शिव्या खाल्ल्या. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर २०१६ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. अमजद सय्यद यांनी निकाल दिला : लाऊडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. आणि २३ जानेवारी २०२५ ला न्या. अजय गडकरी आणि न्या. श्याम चांडक यांनी कुर्ल्याच्या प्रकरणात तेच पुन्हा सांगितलं. कुर्ल्यातल्याच दोन रहिवासी संघटना न्यायालयात गेल्या होत्या. पोलीस तक्रार घेतात, पण काही करत नाहीत, हे त्यांचं गाऱ्हाणं. न्यायालयाने पोलिसांना पायऱ्या आखून दिल्या : आधी समज, मग दंड, मग जप्ती. आणि तक्रारदाराचं नाव फोडायचं नाही.

या नाव न फोडण्याबद्दल माझ्या मनात दोन मतं आहेत. गरज आहे हे उघड आहे. दहा वाजून गेल्यावर वाजणाऱ्या डीजेबद्दल फोन केला आणि पाचव्या मिनिटाला मंडळाची चार पोरं खाली उभी, हा अनुभव उपनगरात कुणाला नवीन नाही. पण नाव झाकलं की शेजारी हा तक्रारदार होतो, आणि तक्रारदाराशी कुणी बोलत नाही.

माझी खरी अडचण आकड्याशी आहे. दोन माणसं समोरासमोर बसून बोलली तरी ६० डेसिबलच्या आसपास आवाज होतो. आमच्यावरून दर थोड्या वेळाने विमान उतरतं, कारण घाटकोपर थेट धावपट्टीच्या वाटेखाली आहे. खाली एलबीएस मार्ग, पलीकडे मेट्रो, मध्ये कुणाचं तरी पाइलिंग. या सगळ्यात ५५ चा आकडा मी तरी कधी पाहिलेला नाही. जिथे सगळेच मर्यादेच्या बाहेर, तिथे मीटर आज कुणासमोर धरायचा हे जो ठरवतो त्याच्या हातात सगळं जातं. नियम सगळ्यांना सारखा. मीटर धरणारा हात तसा असेलच, असं नाही.

आणि तो हात कोण धरून चालवतं हे गेल्या काही वर्षांत आपण पाहिलंय. अंधेरीकर गायक सोनू निगमने एप्रिल २०१७ मध्ये पहाटेच्या अजानबद्दल ट्विट केलं, मंदिर-गुरुद्वाराही त्यात घेतलं, तरी दोन दिवसांत चर्चा आवाजावरून त्याच्या डोक्यावर गेली. कुणी तरी त्याचं मुंडण करणाऱ्याला बक्षीस लावलं आणि पठ्ठ्याने स्वतःहून केस उतरवून घेतले. २ एप्रिल २०२२ ला गुढीपाडव्याच्या सभेत राज ठाकऱ्यांनी मशिदीवरचे भोंगे उतरवा, नाहीतर समोर दुप्पट आवाजात हनुमान चालिसा लावू, असा इशारा दिला. सभा शिवाजी पार्कवर होती. ज्या मैदानाला उच्च न्यायालयाने २०१० साली शांतता क्षेत्र ठरवलं, तेच. सभेला लाऊडस्पीकर होते हे वेगळं सांगायला नको. आवाजावर उपाय म्हणून दुप्पट आवाज, ही कल्पना मला तेव्हाही कळली नव्हती. टॉवरमधल्या त्या बाळंतिणीला विचारलं असतं तर तिलाही कळली नसती.

त्याच धामधुमीत ‘भोंगा’ हा मराठी सिनेमा चित्रपटगृहात लागला. शिवाजी लोटन पाटलांचा, २०१८ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. त्यातलं आजारी बाळ मुसलमान घरातलं आहे, आणि त्याला मशिदीच्या आवाजाचा त्रास होतो. कर्ण्याच्या सगळ्यात जवळ राहणारा बहुतेक वेळा त्याच धर्माचा असतो, हे त्या गोष्टीत होतं. गदारोळात ते कुणी पाहिलं नाही. ज्यांनी सिनेमा उचलून धरला त्यांनीही नाही.

कुर्ल्याच्या निकालानंतर भोंगे उतरवायची मोहीम निघाली. मुलुंडचे माजी खासदार किरीट सोमय्या पूर्व उपनगरातल्या पोलीस ठाण्यांचे जिने चढू लागले. त्या वर्षी जून संपता संपता पोलीस आयुक्त देवेन भारती यांनी मुंबईतल्या धर्मस्थळांवरचे भोंगे उतरल्याचं सांगितलं, आणि जुलैत मुख्यमंत्री फडणवीसांनी विधानसभेत मुंबईचा आकडा दिला, १,६०८. विक्रोळीतल्या काही मुस्लिम संस्था न्यायालयात गेल्या, कारवाई एकाच बाजूला वळली आहे म्हणून. माहीमच्या जुम्मा मशिदीने वेगळी वाट काढली. तमिळनाडूतल्या एका कंपनीने केलेलं अ‍ॅप घेतलं, आता अजान फोनवर वाजते. ज्याला हवी त्याच्या खिशात. मला हा उपाय आवडला, तरी कुणाला तो कायमचा पुरेल असं वाटत नाही. आमच्या गल्लीतल्या शिंपीचाचांना फोन उचलायला मशीन थांबवावं लागतं, आणि अ‍ॅपचा आवाज त्या मशीनमध्ये बुडतो.

आमच्या गल्लीत काय झालं ते सांगायला हवं, कारण ते मोहिमेच्या बरंच आधी झालं. चौथ्या मजल्यावरच्या त्या घरातले आजोबा, कोकणातले, सडेतोड, एक दिवस सेक्रेटरीला घेऊन थेट मशिदीच्या ट्रस्टींकडे गेले. जाताना अर्ज नेला नाही. ट्रस्टी चिपळूणकडचे निघाले. पुढचा अर्धा तास आंब्यांवर गेला असं सेक्रेटरी सांगतात. मग आजोबा म्हणाले, ‘खानसाहेब, एकदा आमच्याकडे चहाला या. पहाटे या.’ ते खरंच आले. बेडरूममध्ये उभे राहिले, बांग झाली, आणि त्यांनी स्वतःच्या मशिदीचा आवाज पहिल्यांदा समोरून ऐकला. खाली उतरताना एवढंच म्हणाले, ‘हे जास्त आहे.’

कर्णा उतरला. त्याजागी गल्लीच्या कडेने चार छोटे बॉक्स स्पीकर लागले, खाली तोंड करून, आणि पहाटे फक्त मशिदीच्या आतला चालू. ध्वनीचं काम करणारा कुणीही सांगेल की एका मोठ्या कर्ण्यापेक्षा जागोजागी लावलेले लहान स्पीकर कमी आवाजात जास्त लोकांपर्यंत पोचतात. खर्च मशिदीने केला. सोसायटीने वायरिंगला आपला इलेक्ट्रिशियन दिला. पुढे मोहीम आली तेव्हा कटकट नको म्हणून ट्रस्टींनी तेही काढून ठेवले. आजोबांना ते पटलं नाही. ‘आपलं ठरलं होतं ना,’ म्हणाले.

एवढं जमलं, तर आपल्या मंडळाचंही जमेल असं मला वाटलं होतं. नवरात्रात आमच्या कोपऱ्यावर दोन माणसं उंच बेस स्पीकरची भिंत लागते. बोरिवलीच्या कोरा केंद्रातल्या गरब्याचा झगमगाट इथे नाही, पण दणदणाट तोच. डीजेच्या त्या खालच्या पट्टीच्या आवाजाची एक खोड आहे : तो भिंतीतून जातो, काचा थरथरवतो, छातीत बसतो, आणि ज्या मापाने नियमातले डेसिबल मोजतात ते माप खालच्या पट्टीला मुळातच कमी धरतं. म्हणजे मीटरवर जे दिसतं त्यापेक्षा छातीत जे बसतं ते मोठं. अजान दोन-चार मिनिटांत संपते, हे मी सभेत म्हटलं तेव्हा जरा शांतता झाली. तुलना करू नका, असं कुणी तरी मागून म्हणालं.

मी सुचवलं ते साधं होतं. ट्रस्टींना नेलं तसं मंडळाच्या अध्यक्षाला रात्री साडेदहाला चौथ्या मजल्यावर चहाला बोलवा, त्याच बेडरूममध्ये उभं करा. आजोबा लगेच तयार झाले. सेक्रेटरी गप्प बसले, कारण मंडळाचा अध्यक्ष त्यांचा भाचा. खजिनदारांनी मंडळाने गल्लीतला दिवा दुरुस्त करून दिल्याची आठवण काढली. निवडणूक जवळ आहे, हेही कुणी तरी म्हणालं. इतिवृत्तात विषय क्रमांक ७ समोर ‘वेळेअभावी स्थगित’ अशी नोंद आहे. सभा नऊला संपली, आणि त्यानंतर बराच वेळ सगळे खाली गप्पा मारत उभे होते.