पिंक फ्लॉईड ही कुणा एकाची जहागीर नव्हे

पिंक फ्लॉईडच्या चाहत्यांमध्ये १९८५ पासून एकच भांडण चालू आहे : बँड खरा कुणाचा, रॉजर वॉटर्सचा की डेव्हिड गिलमोरचा? वॉटर्सचे समर्थक म्हणतात, शब्द त्याचे, कल्पना त्याची, तो बाहेर पडला तेव्हाच बँड संपला. गिलमोरचे समर्थक म्हणतात, नुसत्या शब्दांनी कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. ते गिटार आणते, आणि गिटार गिलमोरची आहे. आम्ही या बँडचे कट्टर चाहते. त्याचे अल्बम आम्ही पाठ होईस्तोवर ऐकले आहेत आणि आजही ऐकतो. म्हणूनच ठामपणे सांगतो की हे भांडण मुळातच चुकीचे मांडले गेले आहे. दोन मालकांपैकी खरा मालक कोण, एवढाच प्रश्न विचारला की ज्यांनी घाम गाळला ते बाकीचे सगळे आपोआप चर्चेबाहेर जातात. आमचा सवाल वेगळा आहे. हे संगीत घडवले कुणी, नाव कुणाचे लागले आणि पैसा कुणाला मिळाला?

काही मित्र म्हणतील, गाणी ऐका, मजा घ्या, हिशेब कशाला काढता? मित्रांनो, हा बँड प्रेमाची गोड गाणी गाणारा असता तर आम्हीही हिशेब काढला नसता. पण पिंक फ्लॉईडने आयुष्यभर पैसा, सत्ता, युद्ध आणि माणसाला मेंढरू बनवणारी व्यवस्था यांच्यावर गाणी केली. जो जगाला जाब विचारतो त्याच्या घरातला हिशेब तपासण्याचा हक्क ऐकणाऱ्याला आहे.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६५ साली लंडनमध्ये तो उभा राहिला. वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट हे तिघे वास्तुकलेचे विद्यार्थी. चौथा सिड बॅरेट. त्या काळातल्या ज्या संगीताला पुढे प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटले गेले, त्याने तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडली. गाणे वीस-वीस मिनिटांचे होऊ लागले, अख्खा अल्बम एका विषयावर बांधला जाऊ लागला. पिंक फ्लॉईडचे वेगळेपण असे की त्यांनी बोटांची चपळाई दाखवण्यापेक्षा वातावरण उभे करण्यावर भर दिला. 'मनी' हे गाणे घ्या. नाण्यांच्या आणि गल्ल्याच्या आवाजांचे तुकडे जोडून त्याचा ठेका सात मात्रांवर बसवलेला आहे. सॅक्सोफोन त्याच सात मात्रांवर वाजतो आणि गिटार आली की गाणे चार मात्रांवर सरकते. संगीतातले काही कळत नसले तरी अंगाला हा बदल जाणवतो.

आता हिशेब नावापासूनच सुरू करू. 'पिंक फ्लॉईड' हे नाव बॅरेटने दोन अमेरिकन ब्लूज गायकांच्या नावांवरून घेतले : पिंक अँडरसन आणि फ्लॉईड कौन्सिल. दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही अमेरिकेच्या दक्षिणेतले. अँडरसन १९७४ मध्ये वारले, कौन्सिल १९७६ मध्ये. म्हणजे १९७३ मध्ये त्यांच्या नावाचा बँड जगभर गाजत होता तेव्हा दोघेही जिवंत होते. नाव घेणे हा गुन्हा नाही. बॅरेटने ते आदराने घेतले असेच आम्ही मानतो. पण ज्या संगीताच्या पायावर ब्रिटनमधला सगळा रॉक उभा राहिला, त्याचे मूळ घडवणाऱ्यांची नावे गोऱ्या मुलांच्या बँडच्या पाटीवर उरली आणि माणसे मात्र अंधारातच गेली, हे विसरून चालणार नाही. टी-शर्टवर ते नाव मिरवणाऱ्या किती जणांना ते दोघे माहीत आहेत?

पुढचे नाव बॅरेटचेच. १९६७ चा पहिला अल्बम बहुतांशी त्याच्या गाण्यांचा. त्याचे मानसिक स्वास्थ्य ढासळले, १९६८ च्या सुरुवातीला गिलमोर आला आणि काही आठवड्यांतच बॅरेट बाहेर गेला. पुढे त्याच्याच आठवणीवर 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' ही दीर्घ रचना झाली. १९७५ मध्ये तिचे काम चालू असताना तो अचानक स्टुडिओत आला, आणि त्याच्या मित्रांनी त्याला आधी ओळखलेच नाही. ही गोष्ट चाहते भावुक होऊन सांगतात. आम्ही त्यातून एवढेच घेतो की बॅरेटनंतरही बँड उभा राहिला तो चौघांनी मिळून उभा केला म्हणून. १९७१ चे तेवीस मिनिटांचे 'एकोज' हे त्या चौघांच्या सामूहिक कामाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. त्यावर चौघांचीही नावे आहेत. त्याची सुरुवात कशाने होते? राइटच्या पियानोच्या एका सुराने. पाण्यात थेंब पडावा तसा तो सूर. तिथे गिटारही नाही आणि शब्दही नाहीत.

मग आला १९७३ चा 'डार्क साइड ऑफ द मून'. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९७३ ते १९८८ या काळात तो एकूण ७४१ आठवडे होता. या अल्बममध्ये 'द ग्रेट गिग इन द स्काय' नावाची रचना आहे. राइटने पियानोवर स्वरांची बांधणी केली होती, पण तिच्यावर काय चढवायचे हे बँडला सुचत नव्हते. जानेवारी १९७३ मधल्या एका रविवारी क्लेअर टोरी या पंचवीस वर्षांच्या गायिकेला बोलावले गेले. शब्द नाहीत, चाल नाही. आपला गळा हेच वाद्य समजून तिने काही फेऱ्यांत जे गायले, ते आज जग ऐकते. मरणाची भीती, आक्रोश आणि शेवटी येणारी शांती, सगळे एका गळ्यातून. तिला मिळाले ३० पौंड, तेही रविवार म्हणून दुप्पट दराने.

इथे संगीताच्या धंद्यातली एक मेख समजून घ्या. रचनाकार म्हणून ज्याचे नाव लागते त्याला प्रत्येक विक्रीमागे, प्रत्येक वाजवण्यामागे पैसा मिळत राहतो. जो बोलावल्यावर येऊन गातो किंवा वाजवतो, त्याला एकदाची मजुरी देऊन वाटेला लावतात. टोरीचे नाव अल्बमवर छापले होते, पण गायिका म्हणून. रचनाकार म्हणून एकट्या राइटचे. २००४ मध्ये तिने बँड आणि ईएमआय कंपनीविरुद्ध दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून राइटच्या शेजारी तिचेही नाव रचनाकार म्हणून लागू लागले. बत्तीस वर्षांनी! मजुरी आणि मालकी यांतला फरक समजायला याहून सोपे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

याच अल्बमची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही एकतर्फी ठरू. वॉटर्सने काही प्रश्न कार्डांवर लिहून स्टुडिओत येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारले आणि त्यांची उत्तरे ध्वनिमुद्रित केली. त्या वेळी पॉल मॅकार्टनीही तिथे होता. त्याचीही उत्तरे घेतली, पण ती फार सावध वाटली म्हणून वापरली नाहीत. वापरले ते सामान उचलणाऱ्या माणसांचे आणि स्टुडिओच्या दारवानाचे बोलणे. अल्बममधले शेवटचे शब्द त्या दारवानाचे, जेरी ओ'ड्रिस्कॉलचे आहेत. जगप्रसिद्ध गायकाला बाजूला ठेवून दारवानाला शेवटचा शब्द देण्याची ही दृष्टी वॉटर्सची, आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

तुम्ही विचाराल, आमचा सर्वांत आवडता अल्बम कोणता? 'अ‍ॅनिमल्स', १९७७. ऑर्वेलच्या 'अ‍ॅनिमल फार्म'चा धागा घेऊन वॉटर्सने समाजाचे तीन भाग केले : धंद्यात एकमेकांचे लचके तोडणारे कुत्रे, नीतीच्या गप्पा मारत वर बसलेली डुकरे आणि मान खाली घालून चालणारी मेंढरे. शेवटी मेंढरे उठतात. इतका कडवा, इतका थेट अल्बम या बँडने दुसरा केला नाही. पण हिशेब पाहा. 'शीप' या गाण्याच्या सुरुवातीला राइटचा इलेक्ट्रिक पियानो किती तरी वेळ एकटा वाजतो आणि गाण्याचा सगळा ताण तिथे तयार होतो. रचनाकारांत राइटचे नाव नाही. संपूर्ण अल्बमवर कुठेच नाही. शिवाय रॉयल्टीची वाटणी गाण्यांच्या संख्येवर व्हायची. गिलमोरचा वाटा असलेले 'डॉग्ज' सतरा मिनिटांचे, पण मोजताना ते एकच. वॉटर्सचे छोटेसे 'पिग्ज ऑन द विंग' दोन तुकडे करून सुरुवातीला आणि शेवटी लावले, ती झाली दोन गाणी. मेंढरांच्या बंडावरचा अल्बम, आणि वाटणी अशी!

'द वॉल' (१९७९) मध्ये तर हे टोकाला गेले. माणसांमाणसांत उभ्या राहणाऱ्या भिंतीवरचा हा अल्बम बनत असतानाच राइटला बँडमधून काढले गेले. तो नीट काम करत नव्हता, असे बाकीच्यांचे म्हणणे होते, आणि त्या काळात त्याचे योगदान घटले होते हे खरेही आहे. पण ज्याच्या सुरांनी बँडचा आवाज घडला त्याला १९८०-८१ च्या कार्यक्रमांत पगारी वादक म्हणून उभे केले. गंमत अशी की त्या अवाढव्य कार्यक्रमांत बँडला तोटा झाला आणि पगार घेणारा राइट एकटाच फायद्यात राहिला.

याच अल्बममधल्या 'अनदर ब्रिक इन द वॉल'च्या दुसऱ्या भागात लंडनच्या इझलिंग्टन ग्रीन शाळेच्या २३ मुलांनी समूहगान केले. गाणे ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले. शाळेला १००० पौंड मिळाले. मुलांना रॉयल्टी नाही. २००४ मध्ये, मोठे झाल्यावर, त्यांच्यापैकी काहींनी आपला हक्क मागायला सुरुवात केली. पंचवीस वर्षे ज्या गाण्याने जगाला शाळेविरुद्ध बंड शिकवले, ते गाणारी पोरे रिकाम्या हाताने घरी गेली होती.

तरीही हे गाणे आम्हाला प्राणाहून प्रिय आहे, आणि त्याचे कारण लंडनमध्ये नाही. १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीने लादलेल्या दुय्यम दर्जाच्या शिक्षणाविरुद्ध मुलांनी शाळांवर बहिष्कार टाकला, तेव्हा ती हे गाणे गाऊ लागली. सरकारने गाण्यावर बंदी घातली. वॉटर्सने हे लिहिले ते स्वतःच्या इंग्लिश शाळेतल्या छळावर. पण ज्यांना शिक्षणच उष्टे-खरकटे वाढले जात होते, त्यांनी ते उचलले आणि त्याला नवा अर्थ दिला. त्या अर्थाचा रचनाकार कोण? कागदोपत्री वॉटर्सच. आमच्या मते ती मुलेही.

आता वॉटर्स-समर्थकांचा सर्वांत मजबूत मुद्दा. ते म्हणतात, 'डार्क साइड'पासून शब्द एकट्या वॉटर्सचे. तो नसता तर हा बँड नुसता धुके आणि दिवे राहिला असता. मान्य. वॉटर्स गेल्यावर गिलमोरला शब्दांसाठी बाहेरच्यांची मदत लागली. १९९४ च्या 'द डिव्हिजन बेल'ची बरीच गाणी त्याच्या पत्नी पॉली सॅमसन यांनी लिहिली आहेत. त्या गाण्यांत सूर आहेत, धार कमी आहे. पण उलटेही पाहा. वॉटर्सने स्वतःच्या अल्बमसाठी एरिक क्लॅप्टन आणला, जेफ बेक आणला. गिटारवाद्यांत याहून मोठी नावे कोणती? तरी पिंक फ्लॉईडचा आवाज आला नाही. २०२३ मध्ये त्याने 'डार्क साइड' एकट्याने पुन्हा केला, गिटारचे सोलो काढून टाकले आणि त्या जागी स्वतःचे बोलणे भरले. तो ऐकून आमची खात्री पटली की एक माणूस, मग तो कितीही प्रतिभावान असो, 'डार्क साइड' करू शकत नाही. 'कम्फर्टेबली नम्ब'चे शब्द वॉटर्सचे आणि संगीत प्रामुख्याने गिलमोरचे. दोघांपैकी एकाला काढा आणि उरते ते ऐकून पाहा.

२ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघे चोवीस वर्षांनी एकत्र वाजले. त्यानंतर ते चौघे पुन्हा मंचावर आले नाहीत. २००८ मध्ये राइट गेला. २०१४ मध्ये त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर 'द एंडलेस रिव्हर' हा अल्बम निघाला. ज्याला पगारावर ठेवले होते, त्याच्या मरणानंतर त्याच्या सुरांवर अख्खा अल्बम उभा राहिला. २०२४ मध्ये सोनीने बँडच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क सुमारे ४० कोटी डॉलरना घेतल्याच्या बातम्या आल्या. त्या रकमेशेजारी टोरीचे ३० पौंड ठेवून पाहा.

मित्रांनो, एवढे सगळे सांगून आम्ही तुम्हाला पिंक फ्लॉईड ऐकू नका असे म्हणत नाही. आवर्जून ऐका. पण वॉटर्सची किंवा गिलमोरची आरती ओवाळू नका. व्यक्तिपूजा राजकारणात घातक आणि संगीतात निरुपद्रवी, असे नसते. मंचावरच्या एका माणसाला देव मानायची सवय लागली की मागे पियानो वाजवणारा, कोपऱ्यात गाणारी आणि दारात उभा असलेला दिसेनासा होतो, आणि हीच सवय आपण बाहेरही घेऊन जातो. 'एकोज' ऐका तेव्हा पहिला सूर कुणाचा ते लक्षात ठेवा. 'ग्रेट गिग' लावा तेव्हा क्लेअर टोरीचे नाव शेजारच्याला सांगा. अल्बमच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जी नावे असतात ती वाचा, आणि कोणते नाव तिथे असायला हवे होते पण नाही, हेही शोधा.