न मोजलेल्या वेगाच्या नावाखाली

माजलगावच्या मोंढ्यात सोयाबीनची पोती उतरवून शेतकरी आडतीवर पट्टीची वाट पाहत बसतो. पट्टी आता संगणकातून निघते, आणि तो प्रोग्राम आपल्यापैकीच कोणीतरी लिहिलेला असतो. अशा प्रोग्रामात डोकावले की अनेकदा एकच अवाढव्य क्लास दिसतो. वजन तोच नोंदवतो, भाव तोच लावतो, हमाली-तोलाई तोच कापतो, डेटाबेसशी तोच बोलतो, छपाईही तोच करतो. हमालीचा दर त्यात तीन ठिकाणी लिहिलेला असतो. दर बदलला की दोन ठिकाणी दुरुस्ती होते, तिसरे नजरेतून सुटते. चुकीची कपात ज्याच्या पट्टीवर छापली जाते, त्याला दाद कुठे मागावी हेही ठाऊक नसते. हातात पडले तेवढे पैसे मोजून तो मुकाट्याने गावची वाट धरतो. त्याच्या खिशातून गेलेल्या त्या रुपयांना जबाबदार आपण आहोत, प्रोग्राम लिहिणारे आणि शिकवणारे आपण सारे.

अज्ञानाची सबब आपल्याला उरलेली नाही. क्लासची कल्पना नॉर्वेत दाल आणि नीगार्ड यांनी ‘सिम्युला ६७’ या भाषेत आणली. पुढे जो निर्णय बदलण्याचा संभव आहे तो एका मॉड्यूलच्या आत झाकून ठेवावा, हे डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली सकारण दाखवून दिले. अर्धे शतक उलटले. आपण मात्र मुलांकडून या झाकण्याची, म्हणजे एन्कॅप्सुलेशनची, व्याख्या घोकून घेतली आणि प्रॅक्टिकलच्या वहीत तोच ‘स्टुडंट’ क्लास वर्षानुवर्षे उतरवून घेतला. व्याख्येला मार्क मिळाले. विचार केला की नाही, हे कोणी पाहिलेच नाही. तीच मुले पुण्याला हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जातात, तिथे सीनियर सांगतो, ‘चालतंय ना, मग हात लावू नको.’ दोन वर्षांनी तेच वाक्य ती आपल्या ज्युनियरला ऐकवतात. रूढी अशाच टिकतात. त्यांना दुष्ट माणसे लागत नाहीत, आज्ञाधारक माणसे पुरतात.

आणि या आळसाला आपण वेगाचे नाव देतो, हे अधिक लाजिरवाणे. क्लास फोडले तर प्रोग्राम मंदावेल, असे आपण ठासून सांगतो. कोणी मोजले? जावाचेच पाहा. मेथड वाढल्याने ऑब्जेक्ट फुगत नाही. मेथडचा कोड क्लासपाशी एकदाच राहतो, ऑब्जेक्टची जागा जाते ती फील्डांत आणि छोट्याशा हेडरात. जावा चालवणाऱ्या हॉटस्पॉट या व्हर्च्युअल मशीनमध्ये तर ८००० बाइट बाइटकोडपुढे गेलेली मेथड जेआयटी कम्पायलर मूळ सेटिंगवर हाती घेतच नाही. ती इंटरप्रिटरवरच रखडते. वारंवार लागणाऱ्या छोट्या मेथड मात्र हा कम्पायलर जागच्या जागी मिसळून टाकतो आणि कॉलचा खर्च वाचवतो. लाखो बारीक ऑब्जेक्ट कधी महाग पडतात, हे खरे; पण ते प्रोफाइलरने दाखवावे, सीनियरच्या दराऱ्याने नव्हे. पट्टी अडते ती बहुधा प्रत्येक पोत्यामागे लूपमध्ये वेगळी क्वेरी मारल्यामुळे, आणि त्या अवाढव्य क्लासात ती क्वेरी कोणाला सापडत नाही.

हे आपणच बदलणार आहोत. हमालीचा दर आधी एका जागी आणू. जुन्या पट्ट्या नव्या कोडमधून पुन्हा काढून पैशापैशाने ताडून पाहू. कपात चुकली असेल तर ती शेतकऱ्याला परत करू. आणि येत्या परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी असाच एक बेढब क्लास मुलांपुढे ठेवू, फोडायला आणि मोजायला.