छायाचित्राच्या पोटांतील नोंद

छायाचित्राच्या पाठीवर शाईनें प्रसंग, साल व माणसांचीं नांवें लिहून ठेवण्याची चाल आपल्या घरांत होती. हल्लींच्या छायाचित्रास पाठ उरली नाहीं. तरी लिहावयास जागा आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. इ. स. १९९५ मध्यें जपानांत ठरलेल्या 'एक्झिफ' पद्धतीप्रमाणें चित्र केव्हां व कोणत्या कॅमेऱ्यानें घेतलें, ही नोंद त्याच्या फाईलमध्येंच असते. मात्र जुनें चित्र स्कॅन केलें म्हणजे बहुधा स्कॅन केल्याचाच दिवस त्यास चिकटतो, आणि आजोबांची मुंज गेल्या महिन्यांत झालीसें दिसतें!

ही नोंद सुधारण्याच्या साधनांत फिल हार्वे यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेलें 'एक्झिफटूल' प्रमुख असून तें मोफत मिळतें. त्यास बटणें नाहींत. आज्ञा टंकून तें चालवावें लागतें. एका ओळीच्या आज्ञेनें शेंकडों चित्रांच्या तारखा बदलतात. त्याचें सामर्थ्य यांतच आहे, आणि भयही यांतच.

आमच्याच घरचा अनुभव सांगतों. आमच्या आत्याबाईंनीं दोन उन्हाळे बसून सुमारें तीनशें चित्रांचीं सालें आठवून सांगितलीं व मुलांनीं तीं भरलीं. पुढें एका उत्साही चिरंजीवांनीं एका लग्नाची तारीख दुरुस्त करतांना ती आज्ञा चुकून साऱ्या संग्रहावर चालविली. हें साधन मूळ फाईल निराळ्या नांवानें राखून ठेवतें. पण जागा वाचावी म्हणून त्यांनीं ती सोय बंद केली होती. तोंपर्यंत आत्याबाई निवर्तल्या होत्या. आज त्या सर्व चित्रांवर एकाच लग्नाचा दिवस आहे.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, अशा साधनांनीं लिहिण्यापूर्वीं किती चित्रें बदलणार, जुनें काय व नवें काय, हें दाखवून मगच अनुमति घ्यावी. फाईलींचीं नांवें बदलतांना अशी चाचणी 'एक्झिफटूल'मध्यें घेतां येते. इतर फेरफारांसही तितकीच सरळ सोय व्हावी.

दुसरी गोष्ट खरेपणाची. केवळ साल ठाऊक असतां १ जानेवारी लिहिणें म्हणजे असत्य नोंदणें होय. २००१ सालीं निघालेल्या 'एक्सएमपी' पद्धतींत नुसतें सालही चालतें, आणि नांवें देवनागरींत लिहितां येतात. 'एक्झिफ'नेंही २०२३ च्या आवृत्तींत जगांतील सर्व लिप्यांस वाव दिला, ही समाधानाची गोष्ट होय. जुन्या कार्यक्रमांस मात्र ती वाचतां येईलच असें नाहीं.

आमच्या वाचकांस विनंति एवढीच. प्रथम संग्रहाची प्रत निराळी ठेवावी. आज्ञा एका चित्रावर चालवून पाहावी. मूळ फाईल राखण्याची सोय बंद करूं नये. सर्व नोंदी तक्त्याच्या रूपानें काढून घेतां येतात; तो तक्ता छापून घरच्या दप्तरांत ठेवावा. आणि या सर्वांच्या आधीं घरांतील वडील माणसांजवळ चित्रें घेऊन बसावें. काठाशीं उभी असलेली ती मुलगी कोण, हें कोणत्याही आज्ञेस सांगतां येत नाहीं.