डोळ्यांपाशी नाक असलेली 'सुसर'

ब्राझीलच्या ॲमेझॉन खोऱ्यात बार्बोझा रॉड्रिग्ज नावाच्या पंडिताला खालच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला, आणि १८९२ साली त्याने त्या प्राण्याचे 'पुरुसॉरस' असे बारसे केले. आजच्या केमन मगरींचा हा आप्त तीस फुटांहून लांब होता. केमन ही अमेरिकेची जात. ती आपल्याकडे शोधून सापडायची नाही. पण म्हणून वाचकांनी निराश होऊ नये!

केळापूर तालुक्यातून दक्षिणेला निघा. पैनगंगा ओलांडली की जुना आदिलाबाद जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यात पूर्वेकडे प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात मालेरी नावाचे गाव आहे. तिथल्या लाल चिकणमातीच्या थरांत सुमारे २२-२३ कोटी वर्षांपूर्वीचा एक जलचर निजला होता. लांबी आठेक फूट, सुसरीसारखे निमुळते मुस्कट, त्यात दातांची रांग. हक्स्लेने त्याला नाव दिले 'पॅरासूकस', म्हणजे 'जवळजवळ मगर'. हे 'जवळजवळ' मात्र फार महत्त्वाचे! मगरीच्या नाकपुड्या मुस्कटाच्या टोकाला असतात. या स्वारीच्या थेट डोळ्यांपुढे. वेष मगरीचा, कूळ निराळे. ते कूळ २० कोटी वर्षांपूर्वी निर्वंश झाले आणि पाण्यात दबा धरून बसण्याचा तो धंदा पुढे मगरींनी उचलला.

१८८५ साली लिडेकरने या प्राण्याचे सविस्तर वर्णन केले आणि नावापुढे 'हिस्लॉपी' हे पद जोडले. नागपूरकरांना हिस्लॉप कोण ते सांगायला नको. धर्मोपदेशक म्हणून आलेला हा स्कॉटिश गृहस्थ विदर्भातले दगड फोडत हिंडला आणि १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात गेला.

पण लिडेकरपुढची हाडे मोडकी होती, आणि त्यांतले एक तर भलत्याच प्राण्याचे निघाले! उरला मुस्कटाचा एक तुकडा. तेवढ्यावरून जात ओळखता येत नाही, असे १९९१ साली दोघा अमेरिकन संशोधकांनी ठरवले. 'पॅरासूकस' सोडा आणि 'पॅलिओऱ्हायनस' म्हणा, असा त्यांचा आग्रह. म्हणजे हिस्लॉपच्या आठवणीचे नावही वाहून जाण्याची पाळी आली.

ते वाचवले शंकर चटर्जी यांनी. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत असताना मालेरीच्या थरांतून मिळालेल्या जवळजवळ संपूर्ण सांगाड्यांचे वर्णन त्यांनी १९७८ साली छापले होते. दोन सांगाडे शेजारी शेजारी, आणि पोटाच्या जागी मालेरीसॉरस नावाच्या लहान सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे. शेवटचे जेवण पचायचेच राहिले होते! यांतलाच एक सांगाडा जातीचा नवा नमुना मानावा, असा अर्ज चटर्जी यांनी २००१ साली प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे केला. आयोगाने २००३ साली तो मान्य केला. आता 'पॅरासूकस हिस्लॉपी' म्हणायचे ते त्या सांगाड्याला. तो मोडका तुकडा नावापुरताही उरलेला नाही.