‘मॅच झाली’ की ‘मॅच झाला’? इंग्रजी शब्दाची जात मराठी बॉट कशी ओळखणार

2 नोव्हेंबर 2025 ला आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला. पावसामुळे खेळ उशिरा सुरू झाला, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: ‘मॅच होत नाही का?’ आता हेच शब्द दुसरीकडे ऐका: ‘ओटीपी मॅच होत नाही.’ पहिल्या वाक्यात ‘मॅच’ नाम आहे. दुसऱ्यात तो ‘होणे’ला चिकटून क्रियापदाचा भाग झालाय. आपल्याला हे लगेच कळतं. बॉटला?

आत्ताच हा प्रश्न का?

फेब्रुवारी 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने मेटासोबत व्हॉट्सअॅपवर ‘आपले सरकार’ सेवा देण्याची घोषणा केली. म्हणजे तक्रारी आणि अर्ज चॅटवर येणार. आणि लोक लिहिणार ‘फॉर्म सबमिट झाला नाही’. ‘मी अर्ज दाखल करू शकलो नाही’ असं पुस्तकी मराठी कोण लिहितं?

इंग्रजीची खूण, मराठीची खूण

वाक्यातल्या प्रत्येक शब्दाची जात ओळखण्याला पीओएस टॅगिंग म्हणतात. शाळेत आपण आठ जाती शिकलो. ‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’ या जागतिक प्रकल्पात 17 आहेत.

इंग्रजीत ‘द मॅच’ म्हटलं की नाम, ‘टू मॅच’ म्हटलं की क्रियापद. मराठीत येताना शब्द हे ‘द’ आणि ‘टू’ मागेच ठेवून येतो. म्हणून इंग्रजी शब्दकोशातली जात इथे पुरत नाही. आपल्या खुणा वेगळ्या आहेत:

- प्रत्यय: ‘मॅचला’, ‘मॅचच्या’ दिसलं की नाम.
- लिंग: ‘मॅच झाली नाही’ इथे क्रियापद ‘मॅच’प्रमाणे स्त्रीलिंगी झालं, म्हणजे नाम. ‘पासवर्ड मॅच झाला नाही’ इथे ते पासवर्डच्या मागे गेलं, म्हणजे ‘मॅच’ नाम नाही.

पण ‘होत नाही’मध्ये लिंग दिसतच नाही. ‘चेक जमा झाला’ आणि ‘फॉर्म चेक झाला’ या दोन्हींत ‘झाला’च आहे. तिथे आजूबाजूचे शब्द पाहावे लागतात, आणि ते शिकायला उदाहरणं लागतात.

घोडं इथेच अडतं

याच प्रकल्पात हाताने टॅग केलेल्या इंग्रजीच्या एका संचात 16 हजारांहून जास्त वाक्यं आहेत. मराठीच्या संचात 466, तीही मुख्यतः विकिस्रोतवरच्या कथांमधली. कथेत ओटीपी कुठून येणार?

आजचे मोठे मॉडेल टॅग न लावताही बरंच समजून घेतात, हे खरं. पण तेही वाचलेल्या मजकुरातूनच शिकतात. आणि बॉट चुकतोय की नाही, हे तपासायलाही माणसाने टॅग केलेली वाक्यं लागतातच.

माझ्या मते कोणतीही सरकारी चॅट सेवा सुरू करण्याआधी तिची परीक्षा लोकांच्या खऱ्या, सरमिसळ मराठीत व्हायला हवी. नाहीतर पेन्शनसाठी ‘ओटीपी मॅच होत नाही’ लिहिणाऱ्या आजोबांना क्रिकेटचा स्कोअर मिळायचा!