पंचनाम्यात न मावणारा शेतकरी

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांच्या पुराचे पाणी सांगली-कोल्हापूर भागातून ओसरल्यावर पूरग्रस्तांची वणवण सुरू झाली ती पंचनाम्यासाठी. कारण तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी जागेवर पाहणी करून केलेली नुकसानीची ही लेखी नोंदच सरकारी मदतीचा पाया असते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून, म्हणजे केंद्र व राज्य यांनी ७५:२५ या प्रमाणात उभारलेल्या रकमेतून, मिळणारे अनुदान ही भरपाई नव्हे, तातडीचा आधार होय, आणि पिकांसाठी तो किमान ३३ टक्के नुकसान झाले तरच मिळतो. पीकविमा ही निराळी वाट. तेथे स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत देण्याची अट तेव्हा होती, मग वीज नसो की मोबाइल बंद असो! मात्र सर्वांत मोठी अडचण वाटेकऱ्याची असते: सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीची मालकी व त्यावरील पिके दाखविणाऱ्या उताऱ्यावर, त्याचे नाव बहुधा नसते, त्यामुळे बियाणे-खत त्याचे वाहून गेले तरी अनुदान मालकाच्या खात्यात जमा होते. प्रत्यक्ष कसणाऱ्याची स्वतंत्र नोंद पंचनाम्यात होत नाही तोवर हे वाटप न्याय्य म्हणता येणार नाही.